चोकअप मशीन सुरक्षितपणे कसे चालवावे

तुंबलेली सांडपाण्याची लाइन मोकळी करणाऱ्या विजेच्या यंत्राला प्लंबर मंडळी ‘चोकअप मशीन’ किंवा नुसतेच ‘स्प्रिंग मशीन’ म्हणतात. एक मोटर, एक ड्रम, ड्रममध्ये गुंडाळलेली लांबलचक पोलादी स्प्रिंग आणि तिच्या टोकाला बसवायचा कटर, एवढाच त्याचा पसारा. पाहणाऱ्याला धोका कटरमध्ये आहे असे वाटते. प्रत्यक्षात कटर पाइपच्या आत असतो आणि माणसाची बोटे स्प्रिंगवर असतात. कटर आत कशात तरी अडकून थांबला आणि मोटर मात्र फिरतच राहिली, की मोटरचे सारे बळ स्प्रिंगमध्ये पीळ होऊन साठू लागते. मिनिटाला १८० फेरे घेणारे मशीन धरले, तर सेकंदाला ३ फेरे होतात, म्हणजे “काय झाले?” असा विचार करण्यात दोन सेकंद गेले तरी स्प्रिंगमध्ये सहा पीळ भरलेले असतात. हा पीळ सुटायला जागा शोधतो, आणि ती जागा बहुधा मशीनचे तोंड व पाइपचे तोंड यांच्यामधल्या उघड्या स्प्रिंगवर, म्हणजे नेमकी आपल्या हातात असते. पुढे दिलेली बहुतेक खबरदारी या एका गोष्टीभोवती फिरते.

हा लेख तीन-चार मजली गृहनिर्माण संस्थेची इमारत डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे: आत न्हाणी व स्वयंपाकघराच्या ५० ते ७५ मिलिमीटरच्या लाइनी, भिंतीवरून उतरणारा ११० मिलिमीटरचा उभा पाइप, आणि खाली आवारात चेंबरमागून चेंबर जोडत महापालिकेच्या गटाराकडे जाणारी १५० मिलिमीटरची लाइन. स्वतंत्र घर असले तरी क्रम हाच राहतो.

तुंबलेली जागा आधी शोधावी

मशीन जोडण्यापूर्वी अर्धा तास पाहणीत घालवावा. एकच बेसिन किंवा एकच मोरी तुंबली असेल आणि शेजारची नहाणी नीट वाहत असेल, तर अडथळा त्या एका फांदीत आहे. असे असताना आधी ट्रॅप, म्हणजे बेसिनखालचा किंवा मोरीतला पाणी धरून ठेवणारा भाग, उघडून स्वच्छ करावा किंवा रबरी पंप मारून पाहावा. बॉटल ट्रॅपमधील साबण-केसांच्या गोळ्यासाठी विजेचे मशीन लावणे म्हणजे माशी मारायला तोफ आणणे आहे. तळमजल्यावरील सदनिकेत वरच्या मजल्यांचे पाणी उलटे येत असेल, तर उभ्या पाइपच्या तळाचा बेंड, म्हणजे वळण, किंवा त्यापुढची आडवी लाइन तुंबलेली असते.

आवारातील लाइनसाठी सर्व चेंबरांची झाकणे ओळीने उघडावीत. झाकण हाताने न उचलता आकड्याने किंवा पहारीने कडेला सरकवावे, उघडल्यावर लगेच आत वाकून पाहू नये, दहा-पंधरा मिनिटे हवा खेळू द्यावी, आणि जवळपास कोणालाही विडी, सिगारेट किंवा काडी पेटवू देऊ नये, कारण सांडपाण्यातून निघणारा मिथेन पेट घेतो. आता जे चेंबर भरलेले दिसेल आणि त्याच्या पुढचे रिकामे दिसेल, त्या दोहोंमध्ये अडथळा आहे. सगळीच चेंबरे काठोकाठ भरलेली असतील, तर दोष बहुधा महापालिकेच्या गटारात असतो. तेथे आपले मशीन न लावता विभाग कार्यालयात तक्रार नोंदवणे योग्य. पावसाळ्यात हे वरचेवर घडते, आणि अशा वेळी संस्थेने पैसे देऊन बोलावलेला मशीनवाला दिवसभर राबूनही पाणी हलत नाही.

शक्य असेल तेव्हा रिकाम्या चेंबरकडून, म्हणजे उताराच्या खालच्या बाजूने, स्प्रिंग वर घालावी. काम करताना दिसते, हात कोरडे राहतात आणि अडथळा सुटताच साचलेले पाणी आपणहून वाहत येऊन कापलेला गाळ धुऊन नेते. मात्र ते पाणी एकदम येते, हे ध्यानात ठेवून मशीन व विजेची जोडणी चेंबरच्या काठापासून उंच, कोरड्या जागी ठेवावी.

मशीन केव्हा लावू नये

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न घरमालकाला विचारायचा असतो: “लाइनमध्ये काही ओतले आहे का?” लोक आधी संडास धुण्याचे आम्ल ओततात, मग कॉस्टिक सोड्याचे खडे टाकतात, त्यानंतर ब्लीचिंग पावडर, आणि काहीच चालले नाही की प्लंबरला बोलावतात. फिरती स्प्रिंग बाहेर येताना हे सारे तोंडावर उडवते. कॉस्टिक डोळ्यात गेल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. काही ओतले असल्याचे कळले किंवा नुसता संशय आला, तरी मशीन लावू नये. पाणी पुढे सरकत असेल तर भरपूर पाणी सोडून लाइन धुऊन घ्यावी. सरकतच नसेल तर काम पुढे ढकलावे. रसायन लागलेल्या स्प्रिंगलाही गंज लवकर चढतो, ही त्यातली दुय्यम बाब.

दुसरी मनाई संडासाच्या भांड्याची. चिनी मातीच्या भांड्यातून मोटरची स्प्रिंग घातली तर आतला चकचकीत मुलामा ओरखडतो, क्वचित भांडेच तडकते. तेथे हाताने फिरवायचा, रबरी नळीचे आवरण असलेला खास गिरमीट मिळतो, तो वापरावा. नाहीतर भांडे उचलून किंवा उभ्या पाइपवरील डोअर बेंडचे, म्हणजे उघडता येणाऱ्या वळणाचे, झाकण उघडून काम करावे.

बांधकामाच्या वेळी लाइनमध्ये गेलेले सिमेंट मशीनने निघत नाही. नव्या इमारतीत पहिल्याच वर्षी लाइन तुंबली तर हाच संशय आधी घ्यावा. कटर तेथे नुसता घासत राहतो, खरखर आवाज येतो आणि पीळ भरत जातो. अशा ठिकाणी पाइप बदलणे हाच उपाय असतो. जुन्या इमारतीतील चिनी मातीचे, म्हणजे स्टोनवेअरचे पाइप सांध्यांवर निखळलेले असू शकतात. स्प्रिंग सांध्यातून बाहेर मातीत शिरली तर ती ओढून काढणे कठीण होते. म्हणून अशा लाइनमध्ये पहिला फेरा लहान कटरने, अगदी सावकाश करावा आणि टोकाला लाल माती किंवा मुरूम लागून आला तर तेथेच थांबावे.

स्प्रिंग आणि कटर यांची निवड

जाडी चुकली तर पुढचे सगळे चुकते. बेसिन व किचन सिंकच्या ३२ ते ५० मिलिमीटर लाइनला ८ ते १० मिलिमीटर जाडीची स्प्रिंग पुरते. न्हाणीच्या ७५ मिलिमीटर लाइनला १० ते १३. ११० मिलिमीटरच्या पाइपला १६. आणि चेंबरमधल्या १५० मिलिमीटरच्या लाइनला १६ ते २२ मिलिमीटर. बारीक स्प्रिंग मोठ्या पाइपात घातली की ती पुढे जाण्याऐवजी आतच गुंडाळते, गाठ बसते आणि मग पाइप फोडण्याची वेळ येते. जाड स्प्रिंग लहान पाइपात घातली की ती बेंडमध्ये वळत नाही आणि जोर लावल्यास पीव्हीसीचा सांधा उखडते. याच कारणाने लहान लाइनमधून मोठ्या लाइनमध्ये स्प्रिंग फार पुढे नेऊ नये: न्हाणीच्या फांदीतून उभ्या पाइपात किंवा संस्थेच्या लाइनमधून रस्त्याखालच्या मोठ्या गटारात टोक गेले की त्याला बाजूचा आधार उरत नाही, ते उलटते आणि स्वतःभोवतीच वेटोळे घालते. पाइपची लांबी आधी पावलांनी मोजून घेतली तर हे टळते.

पहिल्या फेऱ्याला कटर नव्हे तर सरळ गिरमीट लावावा. त्याचे काम अडथळ्यात भोक पाडून पाण्याला वाट देणे आणि कपडा, प्लास्टिक किंवा सॅनिटरी पॅड असेल तर ते गुंतवून बाहेर आणणे हे आहे. काय आहे ते टोकाला लागलेल्या मळावरून कळल्यावर दुसरा कटर निवडावा: चरबीसाठी इंग्रजी सी अक्षरासारखा वाकलेला, मुळांसाठी दातेरी पात्याचा. कटर पाइपच्या आतल्या व्यासापेक्षा किमान २५ मिलिमीटरने लहान असावा. थेट मोठा कटर लावून वेळ वाचवण्याचा मोह होतो. त्यातूनच स्प्रिंगा तुटतात.

मुळांचा विषय निघालाच आहे तर सांगण्यासारखे म्हणजे, हे यंत्रच मुळांपायी जन्माला आले. १९३०च्या दशकात अमेरिकेतील डे मॉइन शहरात सॅम्युअल ब्लँक यांनी झाडांच्या मुळांनी तुंबलेली लाइन मोकळी करण्यासाठी कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर, स्केटची चाके आणि पोलादी केबल जोडून पहिले मशीन तयार केले. आपल्याकडे ही भूमिका पिंपळ, वड आणि उंबर बजावतात. पाइपच्या सांध्यातून केसाएवढी मुळी आत शिरते, तिला पाणी व खत आयतेच मिळते आणि दोन-तीन वर्षांत आत झुबका तयार होतो.

वीज

ओली जमीन, लोखंडी शरीराचे मशीन आणि दोन्ही हातांत धातूची स्प्रिंग, असा हा योग असल्याने येथे तडजोड नको. मशीनला तीन पिनांचा प्लग आणि जेथे तो लावायचा त्या सॉकेटला खरोखर जोडलेले अर्थिंग असले पाहिजे; तिसरी पिन मोडून दोन पिनांच्या सॉकेटात घुसवलेले मशीन सुरू करू नये. सॉकेटच्या मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, असावा, आणि काम सुरू करण्यापूर्वी त्याचे ‘टेस्ट’ बटण दाबून तो पडतो की नाही हे पाहावे. पडला नाही तर तो नुसता शोभेचा आहे असे समजावे. जुन्या इमारतीच्या जिन्याखालच्या मीटरबोर्डवर असे उपकरण सहसा नसते, म्हणून मशीन चालवणाऱ्याने स्वतःचा आरसीसीबी बसवलेला बोर्ड सोबत बाळगलेला चांगला.

एक्स्टेन्शन बोर्डाची वायर तीन तारांची, तांब्याची आणि किमान १.५ चौरस मिलिमीटरची असावी. मध्ये चिकटपट्टी गुंडाळलेले जोड नसावेत, जोडणी जमिनीवर न ठेवता खिळ्याला किंवा खुर्चीवर टांगावी, आणि वायर स्प्रिंगच्या मार्गात कोठेही येऊ देऊ नये. प्लगला ओल्या हाताने हात लावू नये आणि कटर बदलताना प्रत्येक वेळी प्लग काढावा. मशीन बंद आहे म्हणून कटर बदलायला बसावे आणि पायाच्या स्विचवर कोणाचा तरी पाय पडावा, ही ऐकीव गोष्ट नाही.

अंगावर काय असावे

हातमोजे जाड चामड्याचे, शक्यतो तळव्यावर धातूच्या कडा ठोकलेले असावेत. स्प्रिंग फिरत असताना त्यावर हात घसरायला हवा, अडकायला नको. सुती किंवा विणलेले हातमोजे कधीही घालू नयेत. सुरुवातीच्या दिवसांत मी ही चूक केली होती: मोज्याचा एक धागा स्प्रिंगच्या वेटोळ्यात गेला आणि क्षणात मोजा बोटांसकट आवळत गेला. पाय पेडलवरून, म्हणजे पायाच्या स्विचवरून, उचलला म्हणून मधले बोट केवळ मुरगळले. घाण पाण्यापासून संरक्षण हवे असल्यास आधी पातळ रबरी मोजे घालून त्यांवर चामड्याचे घालावेत. कोरड्या कापडाने, फडक्याने किंवा गोणपाटाने फिरती स्प्रिंग धरणे हा प्रकार आजही सर्रास दिसतो, आणि त्याचा परिणाम वरीलप्रमाणेच होतो.

डोळ्यांना बंद गॉगल, पायांत गमबूट आणि अंगाला घट्ट बसणारे कपडे असावेत. अंगठी, घड्याळ, कडे, गळ्यातील गोफ किंवा गंडा काढून ठेवावा. ओढणी किंवा पदर कमरेला खोचूनही चालत नाही, तो नसावाच. सांडपाण्यातून लेप्टोस्पायरोसिस, कावीळ आणि टायफॉइड यांचे जंतू येतात. हातापायाला चीर असेल तर पाणी न शिरणारी पट्टी लावावी, धनुर्वाताची लस चालू असावी, आणि हे काम नियमाने करणाऱ्यांनी हिपॅटायटिस व टायफॉइडच्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारावे. काम संपेपर्यंत तंबाखू चोळू नये, चहाचा ग्लासही हातात घेऊ नये. काम झाल्यावर एक-दोन आठवड्यांत ताप आला तर “गटाराचे काम केले होते” हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण लेप्टोचे निदान बऱ्याचदा त्या एका वाक्यावर अवलंबून असते.

मांडणी

मशीनचे तोंड पाइपच्या तोंडापासून १ मीटरच्या आत आणि शक्य तितके सरळ रेषेत असावे. उघडी स्प्रिंग जितकी लांब, तितकी ती कमान घेऊन उसळण्यास मोकळी. जागेच्या अडचणीमुळे मशीन इतके जवळ नेता येत नसेल, तर मधल्या अंतरात स्प्रिंग एखाद्या मजबूत पाइपातून किंवा मशीनसोबत मिळणाऱ्या मार्गदर्शक नळीतून न्यावी आणि ती पक्की बांधावी. मशीन शिडीवर, स्टुलावर किंवा खिडकीच्या छज्जावर ठेवून चालवू नये.

पायाचा स्विच सहज पोहोचेल अशा जागी ठेवावा. तो दाबल्यावर मोटर सुरू होते आणि पाय उचलताच बंद होते याची रिकाम्या मशीनवर दोनदा खात्री करावी. स्विच खराब झाला म्हणून तो काढून मोटर थेट जोडलेली मशीने भाड्याने मिळतात. असे मशीन परत करावे, कारण पीळ भरू लागल्यावर वाचण्याचे एकमेव साधन तो स्विच असतो. हाच विचार पुढे नेला तर दुसरा नियम आपोआप येतो: स्प्रिंग धरणारा आणि स्विच दाबणारा माणूस एकच असावा. मदतनीस पेडलवर आणि उस्ताद स्प्रिंगवर, ही जोडी सोयीची वाटते, परंतु पीळ फक्त स्प्रिंग धरणाऱ्या हाताला जाणवतो आणि “बंद कर” असे ओरडून मदतनिसाचा पाय उचलेपर्यंत उशीर झालेला असतो. मदतनिसाने पाणी सोडावे, लोकांना दूर ठेवावे आणि मेन स्विचजवळ उभे राहावे.

उभ्या पाइपचे डोअर बेंड उघडणार असाल तर त्याआधी एक साधा हिशेब करावा. ११० मिलिमीटरच्या पाइपात एका मजल्याएवढे, म्हणजे सुमारे ३ मीटर पाणी उभे असेल तर ते साधारण २५ लिटर भरते. अडथळा खाली असून झाकण एकदम काढले तर ते सगळे अंगावर येते. म्हणून झाकणाच्या समोर न बसता बाजूला बसावे, खालचे बोल्ट थोडे ढिले करून पाणी हळूहळू बादलीत किंवा चेंबरकडे जाऊ द्यावे आणि धार थांबल्यावरच झाकण पूर्ण काढावे. तत्पूर्वी वरच्या सर्व सदनिकांना नळ व फ्लश वापरू नये असे प्रत्यक्ष जाऊन सांगावे. व्हॉट्सअॅप गटावर टाकलेला संदेश तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी पाहिलेला नसतो.

मशीन चालवणे

मोटर सुरू करण्यापूर्वी स्प्रिंगचे टोक हाताने पाइपात किमान अर्धा मीटर आत सारावे. कटर हवेत असताना पेडल कधीही दाबू नये. मशीन पुढच्या दिशेला, म्हणजे ‘फॉरवर्ड’वर आहे हे पाहावे. दोन्ही हात स्प्रिंगवर ठेवावेत, पाय जमिनीवर भक्कम असावेत आणि शरीराचा तोल असा असावा की पाय उचलताना आपण पडणार नाही.

ड्रममधून १५ ते २५ सेंटिमीटर स्प्रिंग बाहेर ओढावी, पेडल दाबावे, तेवढी आत सारावी, मग पुढचा तुकडा ओढावा. यापेक्षा जास्त स्प्रिंग बाहेर काढून ठेवण्याचा आळशी मार्ग पत्करू नये. मोकळ्या पाइपात स्प्रिंग आपणहून ओढली गेल्यासारखी पुढे जाते आणि हाताला एकसारखी, मऊ थरथर जाणवते. बेंड आला की ती अडते, थोडी दबते आणि एक-दोन फेऱ्यांत वळून पुढे निघते. बेंडवर जोर लावण्याऐवजी जरा मागे घेऊन पुन्हा सारावी. अडथळ्याला टोक लागले की थरथर बदलते: ती तुटक, जड होते, मोटरचा आवाज खाली येतो.

येथे हात थांबला पाहिजे. कापण्याचे काम कटरच्या फिरण्याने होते, आपल्या ढकलण्याने होत नाही. कटर अडथळ्याला टेकवून थोडा मागे घ्यावा, पुन्हा टेकवावा, असे करत त्याला हळूहळू खाऊ द्यावे. टोक एकाच जागी फिरत ठेवणेही योग्य नाही. पीव्हीसी पाइपच्या बेंडमध्ये एका जागी मिनिटभर फिरणारा कटर पाइपलाच भोक पाडतो.

कटर थांबल्याची खूण शिकणे म्हणजे हे काम शिकणे. हातातील स्प्रिंग अचानक कडक होते, बाजूला वळू लागते, कमान घेते किंवा तिच्यावर फुगवटा येतो, आणि ड्रम मात्र फिरत असतो. यांपैकी एकही गोष्ट जाणवली की त्याच क्षणी पाय उचलावा. स्प्रिंग घट्ट धरून तिला सरळ करण्याचा प्रयत्न करू नये. मोटर बंद झाली तरी जड ड्रम जडत्वाने थोडा फिरतो, म्हणून तो पूर्ण थांबेपर्यंत हात उघड्या भागावर सैलसर ठेवावा. मग मशीन ‘रिव्हर्स’वर टाकून पेडलला एक-दोन हलके टिचके द्यावेत आणि त्याच वेळी स्प्रिंग मागे ओढावी. टोक सुटले की लगेच पुन्हा ‘फॉरवर्ड’ करावे. दिशा बदलण्याचा स्विच ड्रम फिरत असताना कधीही फिरवू नये.

‘रिव्हर्स’चा उपयोग एवढाच. स्प्रिंगचे वेटोळे अशा बाजूने गुंडाळलेले असते की पुढच्या दिशेने फिरताना ते आवळते आणि उलट फिरवल्यास उकलते. उलट दिशेने रेटून काम करणाऱ्याची स्प्रिंग ताणल्यासारखी सैल होते, वेटोळ्यांमध्ये फटी दिसू लागतात आणि पुढच्या कोणत्या तरी कामात ती नेमकी पाइपाच्या मध्यभागी तुटते. टोक अडकले आणि हलक्या टिचक्यांनीही सुटत नसेल तर मोटरने ओढू नये. प्लग काढावा, ड्रम हाताने उलट-सुलट फिरवून पाहावा, लाइनमध्ये थोडे पाणी सोडून पाहावे. तरीही न सुटल्यास अंतर मोजून तेवढ्या ठिकाणी खोदकाम करावे लागते. गाडीला दोर बांधून स्प्रिंग ओढण्याचे धाडस करू नये, कारण ती तुटली तर चाबकासारखी परत येते.

अडथळ्यातून टोक पार झाले की साचलेले पाणी गडगडत निघते. तेव्हा लगेच स्प्रिंग बाहेर काढू नये. मदतनिसाने वरून संथ धार चालू ठेवावी आणि त्या धारेत कटर त्या जागी तीन-चार वेळा मागेपुढे न्यावा, म्हणजे कापलेला मळ वाहून जातो. पाणी सोडले नाही तर तोच मळ चार मीटर पुढे जाऊन पुन्हा बसतो, आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो.

ड्रमऐवजी तुकड्यांच्या स्प्रिंगचे मशीन असेल, तर पद्धत किंचित वेगळी आहे. त्यात सुटे तुकडे एकामागून एक जोडत जातात, आणि मोटर चालू असली तरी वरचा दांडा खाली दाबल्यावरच स्प्रिंग फिरते. हात सोडताच पकड सुटते, त्यामुळे ते पीळ लवकर सोडते. मात्र मागच्या बाजूने बाहेर आलेला स्प्रिंगचा शेपटीचा भागही फिरतो, म्हणून तो मशीनच्या मागे लावायच्या नळीत असलाच पाहिजे. प्रत्येक जोड बसल्याचा ‘टक’ आवाज ऐकावा आणि हाताने ओढून पाहावे. आवारातील १५० मिलिमीटरच्या लाइनला मी हेच मशीन पसंत करतो, कारण दुरुस्तीला एक तुकडा बदलून भागते.

परतीचा प्रवास

स्प्रिंग बाहेर ओढतानाही ती पुढच्या दिशेने सावकाश फिरवत, तुकड्यातुकड्याने ड्रममध्ये सारावी. टोकापासून सुमारे दोन मीटरवर स्प्रिंगला रंगीत चिकटपट्टी लावून ठेवण्याची सवय असावी. ती दिसली की मोटर बंद करावी, प्लग काढावा आणि उरलेले टोक हाताने ओढावे. फिरता कटर पाइपच्या तोंडातून बाहेर पडला तर तो पिंडऱ्या फोडतो आणि आजूबाजूच्या भिंती रंगवून टाकतो. पहिले नुकसान भरून यायला वेळ लागतो.

टोकाला काय लागले आहे ते पाहावे आणि त्यावरून पुढचा निर्णय घ्यावा. चरबीचा पांढरा, साबणासारखा लगदा आला तर मशीनने फक्त बोगदा पाडला आहे असे समजावे. पाइपच्या भिंतीवरील थर तसाच असतो आणि थोड्याच दिवसांत तो पुन्हा मिटतो, म्हणून दाबाच्या पाण्याने धुणाऱ्या जेटिंग मशीनला बोलावणे स्वस्त पडते. मुळ्या आल्या तर त्या पुन्हा वाढणारच. दरवर्षी मे महिन्यात, पावसाआधी एक फेरा ठरवून घ्यावा आणि सांधा दुरुस्तीचा विचार करावा. खापऱ्या किंवा माती आली तर पाइप फुटलेला आहे, तेथे पुन्हा स्प्रिंग घालू नये. काहीच न लागता पाणी तुंबत राहिले तर उताराकडे संशयाने पाहावे. १०० मिलिमीटरच्या लाइनला पूर्वापार ४० मीटरला १ मीटर आणि १५० मिलिमीटरच्या लाइनला ६० मीटरला १ मीटर असा उतार धरला जातो. माती खचून लाइनला पोट आले असेल तर त्यावर कोणतेही कटर चालत नाही.

सेप्टिक टँक असलेल्या घरांत, कोकणात व गोव्यात हे प्रामुख्याने दिसते, तुंबण्याचे कारण बऱ्याचदा पाइपात नसून भरलेल्या टाकीत किंवा बसलेल्या शोषखड्ड्यात असते. टाकी उपसल्याशिवाय लाइनमध्ये मशीन घालणे व्यर्थ आहे.

चेंबरमध्ये उतरणे नाही

स्प्रिंग तुटली, कटर आत पडला, टोक सापडत नाही, अशा कोणत्याही कारणाने कोणीही चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरू नये, आणि खोल चेंबरात छातीपर्यंत वाकूही नये. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास येतो खरा, परंतु हवेच्या दहा लाख भागांत सुमारे १०० भाग एवढे त्याचे प्रमाण झाले की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. “आता वास गेला, उतरायला हरकत नाही” असे वाटणारा क्षण म्हणूनच सर्वांत घातक असतो. आत कोणी कोसळलाच तर त्याला काढायला दुसऱ्याने उतरू नये. अशा अपघातांत एकामागून एक तीन-तीन माणसे याच कारणाने गेलेली आहेत. अग्निशमन दलाला १०१ वर किंवा ११२ वर फोन करावा.

ही केवळ खबरदारी नाही, कायदाही आहे. हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार संरक्षणाच्या साधनांशिवाय गटार किंवा सेप्टिक टँक साफ करण्यास माणूस उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गटारातील मृत्यूबद्दल १० लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिले होते, आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ती रक्कम ३० लाख केली. संस्थेच्या कार्यकारिणीने “कंत्राटदाराने उतरवले, आम्हाला ठाऊक नव्हते” असे म्हणण्याची वाट पाहू नये. काम देतानाच, कोणीही चेंबरमध्ये उतरणार नाही, ही अट कार्यादेशात लिहावी.

मशीन ठेवण्यापूर्वी

स्प्रिंग पूर्ण बाहेर काढून साध्या पाण्याने धुवावी, ड्रममधील पाणी तळाच्या छिद्रातून सांडू द्यावे, सावलीत वाळवावी आणि पातळ तेलाचा हात द्यावा. धुताना मोटरवर पाणी मारू नये. याच वेळी तिची तपासणी करावी: कोठे कायमचा वाक पडला आहे, वेटोळ्यांत फट दिसते, बाहेरची तार घासून सपाट झाली आहे किंवा गंजाचे खड्डे पडले आहेत, तर ती स्प्रिंग पुढच्या कामाला नेऊ नये. कटरचा जोड बसवणारी पिन सैल झाली असेल तर ती बदलावी. पाइपात राहिलेल्या कटरांपैकी बरेचसे या एका पिनेमुळे राहतात. हातमोजे आणि गमबूट बाहेरूनच साबणाने धुऊन मग काढावेत, त्यानंतर हात कोपरापर्यंत धुवावेत.

संस्थेच्या नोंदवहीत तारीख, कोणत्या दोन चेंबरांमधील लाइन, तोंडापासून किती मीटरवर अडथळा लागला, टोकाला काय आले आणि कोणता कटर वापरला, एवढे लिहून ठेवावे. पुढच्या वेळी मशीनवाला कोणीही येवो, त्याने प्लग लावण्याआधी ही वही उघडून पाहावी.